शेवाळाने मासा किती रंगतो?

काल्हेरहून कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे. तिथल्या खाडीत दरवर्षी रोहित पक्षी उतरतात; २०२२ साली ही खाडी रामसर स्थळ ठरली. रोहिताचे पिल्लू करडे असते. त्याला गुलाबी करतात ती शेवाळातून आणि ते खाणाऱ्या बारीक जिवांतून मिळणारी कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये. आपल्या टाकीतल्या गोल्डफिशचा केशरी रंगही असाच खाण्यातून येतो, कारण ही द्रव्ये मासा स्वतः बनवू शकत नाही. इथवर सगळे खरे आहे. गैरसमज सुरू होतात ते स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीचे पाकीट हातात आल्यावर.

‘हिरवी पूड खाऊन मासा हिरवा पडेल’ ही पहिली भीती. चिमूटभर पूड काचेच्या ग्लासात रात्रभर भिजवून बघा, सकाळी वरचे पाणी निळसर झालेले असते. हे फायकोसायनिन, म्हणजे एक प्रथिन. मासा ते पचवून टाकतो. कातडीत साठतात ती पिवळी-केशरी द्रव्ये. त्यातल्या झिॲझँथिनपासून गोल्डफिश लालसर ॲस्टाझँथिनही तयार करतो.

म्हणून निऑन टेट्राची निळी रेघ स्पिरुलिनाने गडद होत नाही. तिथे निळे रंगद्रव्यच नाही; कातडीतल्या ग्वानिनच्या स्फटिकांवरून परतणारा उजेड आपल्याला निळा दिसतो. त्याच माशाचा लाल पट्टा मात्र खुलू शकतो.

‘जास्त घातले की लवकर रंग चढतो’ हा समज सगळ्यात घातक. फरक दिसायला काही आठवडे लागतातच. तोवर उरलेले खाद्य तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, मासा उलट फिका पडतो आणि घरचे आणखी खाद्य टाकतात! मासा फिका दिसला तर आधी पाणी तपासा.

काचेवरचे हिरवे शेवाळ मॉली माशाने कुरतडले तर कुरतडू द्या. पण खाडीतले किंवा डबक्यातले शेवाळ कृपा करून टाकीत आणू नका. त्यात सांडपाण्याची घाण असू शकते, आणि काही नील-हरित शेवाळे विषारी असतात. स्पिरुलिना त्याच गटातली असली, तरी ती स्वच्छ पाण्यात मुद्दाम वाढवलेली असते.

खाद्य घेताना पाकीट लहान आणि बंद घ्या. उन्हात ठेवलेल्या बरणीतले सुटे दाणे नकोत. ऊन आणि हवा लागून त्यातली कॅरोटिनॉइड मासा खाण्याआधीच उडून जातात.