एक उत्तर, दोन वाचक

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘एलएस’ टाइप करून एंटर दाबलं, की फोल्डरमधल्या फायलींची नावं रकान्यांत नीट मांडून येतात. तेच उत्तर पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवलं, की रकाने जातात आणि एका ओळीत एकच नाव उरतं. आपलं बोलणं टर्मिनलवर उमटणार आहे की आणखी कुठे जाणार आहे, हे एलएस आधी तपासते. रंगांचंही तसंच. रंग म्हणजे मजकुरात पेरलेली न दिसणारी चिन्हं. ती पाइपमध्ये गेली तर पुढच्या प्रोग्रॅमला नावाऐवजी कचरा मिळतो.

ही दुहेरी जबाबदारी आली ती पाइपमुळे. डग मॅकिलरॉय यांनी बरीच वर्षं लावून धरलेली ही कल्पना १९७३ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये उतरवली. एका आज्ञेचं उत्तर ही दुसरीची सामग्री झाली. तोवर फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी लिहिलेला मजकूर आता यंत्रही वाचू लागलं, आणि यंत्राला अंदाजाने समजून घेता येत नाही.

नेटवर्कचा पत्ता दाखवणाऱ्या ‘इफकॉन्फिग’चं उदाहरण बोलकं आहे. लिनक्सवर ही आज्ञा पूर्वी ‘इनेट अ‍ॅडर’ असं लिहून, अपूर्णविराम (:) देऊन पत्ता छापायची. पुढच्या आवृत्तीत ‘अ‍ॅडर’ आणि अपूर्णविराम गेले. माणसाला वाचायला ते सोपंच झालं. पण त्या चिन्हापुढचा तुकडा कापून घेणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती काहीच लागेना.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने यावर शहाणा मार्ग काढला. ‘गिट स्टेटस’ माणसाशी सविस्तर बोलते, पुढे काय करावं हेही सुचवते. तिला ‘पोर्सेलिन’ हा पर्याय दिला, की दर ओळीला स्थिती सांगणारी दोन अक्षरं, एक मोकळी जागा आणि फाइलचं नाव, एवढंच येतं. नाव जरा चकवणारं आहे. गिटच्या परिभाषेत आतल्या आज्ञा म्हणजे प्लंबिंग आणि वरच्या, माणसाने वापरायच्या आज्ञा म्हणजे पोर्सेलिन, बेसिनच्या चिनी मातीसारख्या. तशा वरच्या आज्ञा लिहिणाऱ्यांसाठी हा पर्याय आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेला शब्द मात्र मोलाचा आहे: हा साचा आवृत्ती बदलली तरी बदलणार नाही आणि वापरणाऱ्याच्या सेटिंगनेही हलणार नाही. जेसन या यंत्रासाठीच्या साच्यात उत्तर देणाऱ्या साधनांनीही असा शब्द द्यायला हवा. नुसते महिरपी कंस पुरत नाहीत.

फाइलच्या नावात मोकळी जागा चालते, नवी ओळसुद्धा चालते. मग ‘एका ओळीत एक नाव’ हा हिशेबही कोसळतो. म्हणून ‘फाइंड’ आणि ‘एक्सआर्ग्ज’ या आज्ञांना नावांमध्ये शून्य बाइट ठेवायला सांगता येतं, कारण नावात तो कधीच येऊ शकत नाही.

मराठी नावांची गोष्ट आणखी निराळी. ‘पुणे’ नावाची फाइल गिटच्या यादीत मुळात ‘पुणे’ म्हणून दिसतच नाही. उलट्या तिरक्या रेघांनी तोडलेले आकडे दिसतात, ‘प’च्या जागी ३४०, २४४, २५२. ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग बंद केलं, की अक्षरं परत येतात.

पुढचा पेच रकान्यांचा. यूटीएफ-८मध्ये ‘पुणे’चे बाइट १२, युनिकोड चिन्हं ४ आणि पडद्यावरची घरं २, कारण उकार आणि मात्रा वेगळी जागा घेत नाहीत. पॉसिक्स मानकातली ‘प्रिंटएफ’ आज्ञा रुंदी बाइटमध्ये मोजते. तिला १२ रुंदीचा रकाना मागितला, तर रोमन लिपीतल्या पुण्यापुढे ८ मोकळ्या जागा पडतात आणि देवनागरीतल्या पुण्यापुढे एकही नाही. ‘गॉक’ ही आज्ञा चिन्हं मोजून ८ जागा देते, तरी रकाना २ घरांनी आखूडच राहतो. पडद्यावर हव्या असतात १०.