अनुकरणाची अपेक्षा आणि देहाची गती

राजापुरी खाडीच्या मुखाशी, आगरदांड्यासमोर वसलेल्या दिघीसारख्या कोळी बंदरात होडी काठावर ओढताना जो पहिला जोर देतो, त्याला इतरांचे हातही पाठोपाठ तसेच चालणार हे ठाऊक असते. आणि ही अपेक्षाच त्याच्या हालचालीचा आरंभ सुकर करीत असावी, असे मानण्यास आधार आहे.

मानसशास्त्रज्ञ रोलांड फिस्टर, विल्फ्रीड कुंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाने कळ अल्पकाळ किंवा दीर्घकाळ दाबावयाची आणि समोरच्याने कधी तीच, तर कधी नेमकी उलट कृती करावयाची, असा दस्तूर होता. अनुकरण होणार हे ज्ञात असता पहिल्याची कृती लवकर सुरू होई. विपरीत प्रतिसाद अपेक्षित असता तीच कृती रेंगाळे, आणि तीही समोरच्याचे बोट हलण्यापूर्वीच! ऐच्छिक कृतीपूर्वी तिच्या परिणामाची प्रतिमा मनात उमटते, हे तत्त्व विल्यम जेम्स यांनी मानसशास्त्रावरील आपल्या १८९०च्या ग्रंथात मांडले होते; त्या प्रतिमेत दुसऱ्याचा देहही सामील असतो, ही या संशोधनाची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू. प्रयोगशाळेतील कळ आणि भरलेली होडी यांत अंतर पुष्कळ आहे. तथापि इतर आपलेच अनुकरण करणार या अपेक्षेने पहिली हालचाल सुकर होते का, हा प्रश्न लेझीमच्या म्होरक्याविषयीही विचारण्यासारखा आहे.