मूल कोणाचे?

१८७२ च्या पुरावा कायद्याने सोपी वाट काढली : विवाह टिकून असताना जन्मलेले मूल पतीचेच, गर्भधारणेच्या काळात दोघांची भेटच शक्य नव्हती, हे सिद्ध झाले तरच अपवाद. २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही हा नियम आहे.

डीएनएचे तर्कशास्त्र वेगळे. मुलाच्या जोडीतील एक खूण आईची, दुसरी वडिलांची. ती दुसरी खूण पुरुषात अनेक ठिकाणी सापडली नाही, तर तो पिता नव्हे. विदर्भातल्या एका पोटगीच्या खटल्यात नागपूर व हैदराबादच्या प्रयोगशाळांनी हेच सांगितले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहीतकापेक्षा पुरावा मानला. मुलीची पोटगी थांबली. दिलेली मात्र परत घ्यायची नाही, असे ठरले.

तरी वर्ध्यातही मागेल त्याला चाचणी मिळत नाही. न्यायाधीश आधी गरज तपासतात, कारण ‘अनौरस’ हा शिक्का बसतो तो मुलावर.