‘तुर्की’ तेल, खानदेशी गवत

पावसाळा सरता सरता सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत तुऱ्यावर येतं. तुरा तळहातावर चोळून नाकाशी न्यावा, तर चक्क गुलाब! या वासापायीच हे गवत समुद्रापार गेलं आणि वाटेत स्वतःचं नाव हरवून बसलं.

1880 साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली खानदेशचं गॅझेटियर निघालं. नंदुरबार, तळोदा, शहादा हे तेव्हा खानदेश जिल्ह्याचे तालुके. सरकारला महसूल हवा, म्हणून पिकं, जंगल, माणसं सगळ्यांचीच मोजदाद झाली. त्यात रोशाची भट्टीही आली. ओढ्याकाठी दगडांची चूल मांडायची. तिच्यावरच्या भांड्यात गवत कोंबून पाणी ओतायचं आणि झाकणाच्या फटी उडदाच्या पिठानं लिंपायच्या. ज्यानं उडदाची डाळ वाटली आहे त्याला तिचा चिकटपणा सांगायला नको. झाकणातून निघालेला पोकळ बांबू ओढ्याच्या पाण्यात बसवलेल्या दुसऱ्या भांड्यात जायचा. वाफ तिथे निवायची आणि पाण्यावर तेल तरंगायचं. महाविद्यालयात काचेच्या नळ्या लावून शिकवतात ते ऊर्ध्वपातन हेच. फरक एवढाच की इथे थंड पाण्याचा नळ म्हणजे ओढा.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात पोचे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. भेसळच ती, पण इतकी बेमालूम की युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना ती पकडण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. बाजारात त्याला नाव पडलं ‘तुर्की जिरेनियम तेल’. ते तुर्की नव्हतं, आणि जिरेनियमशी त्याचं नातं फक्त वासाचं! 1871 मध्ये ऑस्कर जेकबसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं या तेलातून त्याचा मुख्य घटक वेगळा काढला. त्याचं नाव झालं जिरॅनिऑल. गवताच्या तेलातून निघालेल्या रेणूला बागेतल्या फुलाचं नाव मिळालं ते कायमचं.

गवताच्या शास्त्रीय नावाची कथाही अशीच. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याला बालाघाटात त्याचं बी मिळालं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी जातीला मार्टिनचं नाव दिलं. लखनौचं ला मार्टिनिअर त्याच मार्टिनचं. सिम्बोपोगॉन मार्टिनी हे नाव आजही पुस्तकात आहे. बी देणाऱ्याचं नाव राहिलं, गवत उकळणाऱ्याचं नाही. मला खटकतं ते हे, कारण खरी पारख भट्टीवाल्यांकडे होती. या गवताचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारखे, पण मोतियाचं तेल गुलाबी वासाचं आणि महाग, सोफियाचं उग्र आणि स्वस्त. वनस्पतिशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रकार नोंदले, तेही याच देशी नावांनी. इतका तरी न्याय झाला म्हणायचा.

त्याआधीच 1878 च्या वन कायद्यानं जंगलातलं गवतही ‘वनोपज’ झालं होतं. ओढा तोच, गवत तेच, पण कापायला आता सरकारची मुभा लागू लागली.

पुढे रोशा शेतात आला. लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं त्याचे सुधारित वाण काढले. बाजारात हे तेल आता ‘पामारोझा’ म्हणून विकलं जातं. हेही नाव परकंच. दिवाळीच्या अभ्यंगाला गुलाबाच्या वासाचा साबण उघडाल, तेव्हा वेष्टनामागची बारीक अक्षरं वाचून पाहा. पुष्कळदा तिथे जिरॅनिऑल सापडतं.