घरगुती संगणकाचा रिमोट कसा निवडावा?

क्रिया सिद्धीस नेण्याच्या कामीं जें सर्वांत अधिक साहाय्य करतें तें करण, अशा आशयाची व्याख्या पाणिनीनें केली आहे. कुऱ्हाडीनें लांकूड तोडलें या वाक्यांत तोडणारा तो कर्ता व कुऱ्हाड हें करण, असें आम्ही वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें. त्या कुऱ्हाडीच्या जागीं पुढें कधीं रिमोट येईल हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. हल्लीं घरोघर टीव्हीखालीं एक लहानसा संगणक येऊन बसूं लागला आहे. त्याच्यावर हजारों रुपये वेंचणारीं माणसें त्याच्या करणाविषयीं मात्र क्षणभरहि विचार करीत नाहींत. तो विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हा संगणक कशासाठीं, तें पाहूं. लग्नमुंजींचीं चित्रणें, जुनीं नाट्यगीतें, कीर्तनें, तीर्थयात्रेंतील छायाचित्रें, चित्रपट, हें सर्व एके ठिकाणीं सांठवून टीव्हीच्या पडद्यावर पाहण्याची ही सोय होय. २००२ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' आवृत्ति काढली. तिच्या रिमोटावर एक हिरवें बटण असे. तें दाबलें कीं मुख्य यादी पडद्यावर येई. पुढें २०१५ सालच्या विंडोज १० मधून ती सोय काढून टाकण्यांत आली. आज हें काम पुष्कळ घरीं कोडी नांवाचा विनामूल्य प्रोग्राम करतो. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठीं निघालेल्या या प्रोग्रामचें आधीचें नांव एक्सबीएमसी. कोडी हें नांव २०१४ सालचें. तो नेहमींच्या संगणकावर चालतो, तसाच २०१२ सालीं निघालेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरहि चालतो.

आमचें अच्छाड महाराष्ट्राच्या अगदीं कांठावर, राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वसलें आहे. सीमा ओलांडली कीं गुजरात. येथें मराठी, गुजराती व वारली अशा तिन्ही बोली कानीं पडतात. रिमोटावरील अक्षरें मात्र सर्व इंग्रजी. कित्येक घरचीं तरुण मुलें वापीस, मुंबईस किंवा त्याहून दूर नोकरीस, आणि घरीं मागें राहिलेलीं वडील माणसें. मुलगा दिवाळीस येतो, हौसेनें संगणक जोडून देतो, सोबत बिनतारी कीबोर्ड व माउस ठेवतो, आणि चार दिवसांनीं परत जातो.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंकडे हेंच झालें. त्यांच्या दिवंगत यजमानांच्या कीर्तनांचीं ध्वनिमुद्रणें मुलानें मोठ्या प्रेमानें संगणकांत भरून दिलीं होतीं. परंतु बाईंची दृष्टि अधू व हात कांपरा. पडद्यावरील बाण इच्छित जागीं नेणें त्यांना साधेना. शेजारचा मुलगा शाळेंतून येई तेव्हां कोठें कीर्तन ऐकावयास मिळे, व त्यालाहि परीक्षा असली म्हणजे तेवढेंहि नाहीं. स्वतःच्या घरांत, स्वतःच्या माणसाचा आवाज ऐकण्यासाठीं दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागणें ही पराधीनता दिसावयास लहान, पण ती रोजची असते.

दुरून आज्ञा देण्याची कल्पना जुनी आहे. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतींतून आरपार जाणाऱ्या विद्युत्-लहरींनीं दूरची घंटा वाजवून दाखविली. १८९८ सालीं न्यूयॉर्कमध्यें निकोला टेस्ला यांनीं रेडिओच्या आज्ञेनें लहानशी नौका चालविली. टीव्हीसाठीं अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें १९५० सालीं काढलेला रिमोट तारेनें जोडलेला होता. १९५५ सालीं यूजीन पॉली यांनीं प्रकाशझोताचा रिमोट केला. पण खिडकींतून ऊन आलें तरी संच भलतीच आज्ञा मानी. १९५६ सालीं रॉबर्ट ॲडलर यांनीं धातूच्या कांड्यांवर आघात करून निघणारा, मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा ध्वनि योजिला. त्या रिमोटास सेलहि लागत नसे.

आज निवड मुख्यतः चार प्रकारांत करावयाची असते. पहिला प्रकार अवरक्त प्रकाशाचा. आपल्या टीव्हीचे साधे रिमोट पुष्कळसे याच जातीचे. त्यांतील दिवा डोळ्यांस न दिसणारा प्रकाश सेकंदास सुमारें ३८,००० वेळां उघडमीट करून सोडतो. त्यामुळें ग्राहकास तो ऊन व दिवे यांच्या प्रकाशांतून वेगळा ओळखतां येतो. हा रिमोट स्वस्त व टिकाऊ. मात्र समोर लांकडी दार किंवा उशी आली कीं आज्ञा खुंटते. संगणकास यासाठीं यूएसबीचा ग्राहक जोडावा लागतो. फ्लर्क नांवाचा ग्राहक तर घरांतील जुन्या रिमोटाचीं बटणें शिकून घेतो व संगणकास तीं कीबोर्डाचीं म्हणून कळवितो. बंद पडलेल्या डीव्हीडी यंत्राचा रिमोट अशा रीतीनें पुन्हां कामास येतो. रिमोटाचा दिवा लागतो कीं नाहीं हें पाहण्याची सोपी युक्ति अशी: तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावें; दिवा चांगला असल्यास पडद्यावर बहुधा फिकट जांभळी चमक दिसते.

दुसरा प्रकार रेडिओलहरींचा, म्हणजे ब्ल्यूटूथचा किंवा लहानशा यूएसबी ग्राहकासह येणारा. संगणक कपाटांत बंद असला तरी याची आज्ञा पोंचते. यांतील 'एअर माउस' हवेंत हलविला कीं पडद्यावर बाण हलतो, व कांहींच्या पाठीवर चिमुकला कीबोर्डहि असतो. तरुणांस हा फार आवडतो. कांपऱ्या हातास तो उपयोगी नाहीं.

तिसरा प्रकार मोबाइलचा. कोडीचा 'कोर' हा ॲप विनामूल्य मिळतो व घरच्या वायफायवरून संगणक चालवितो. गाण्याचें नांव मराठींत टंकून शोधण्यास याहून चांगलें साधन नाहीं. परंतु मोबाइल धन्याबरोबर बाहेर जातो, आणि मागें राहिलेल्या घरास रिमोट उरत नाहीं. म्हणून तो जोडीस असावा. मुख्य असूं नये.

चौथा मार्ग पुष्कळांस ठाऊकच नसतो. संगणकापासून टीव्हीकडे चित्र व ध्वनि नेणाऱ्या एचडीएमआय तारेंतच सीईसी नांवाची एक आज्ञावाहक ओळ असते. ती चालू असली म्हणजे टीव्हीच्या रिमोटाचे बाण दाबतांच टीव्ही ती आज्ञा संगणकाकडे पोंचवितो. या सोयीस सॅमसंग अनीनेट प्लस, सोनी ब्राव्हिया सिंक व एलजी सिम्पलिंक म्हणते. टीव्हीच्या सेटिंगमध्यें तें नांव शोधून पाहावें. रास्पबेरी पायमध्यें ही व्यवस्था मुळांतच आहे. सामान्य संगणकांत बहुधा नसते, व तेथें वेगळा जोड घ्यावा लागतो. वर सांगितलेल्या बाईंचा संगणक सुदैवानें रास्पबेरी पायच होता. सेटिंग बदलतांच त्यांच्या सरावाच्या रिमोटानें कीर्तन सुरू झालें, व एक पैहि खर्चावी लागली नाहीं.

नवा रिमोट घेणें झालेंच तर पुढील गोष्टी पाहाव्या. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माएवढा आनंद होतो अशी आपल्याकडे म्हण आहे. तें लाघव येथेंहि उपकारक आहे. चार बाण, मध्यें 'ओके', मागें जाण्याचें, मुख्य यादीचें, सुरू-थांबा करण्याचें व आवाजाचीं दोन, एवढ्या बटणांवर कोडीचें नित्याचें काम भागतें. चाळीस बटणांचा रिमोट अधिक विद्वान् दिसतो, पण अंधारांत तोच घोंटाळा करतो. बटणें उंच व एकमेकांपासून सुटीं असावींत. ज्यांस इंग्रजी येत नाहीं त्यांच्यासाठीं मुख्य बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. रंग कोणत्याहि बोलींत वाचतां येतो.

निजलेला संगणक रिमोटानें जागा होईल कीं नाहीं, हेंहि आधीं विचारावें. त्यासाठीं संगणकाच्या सेटिंगमध्यें यूएसबीनें जागें होण्याची परवानगी असावी लागते, व कांहीं ग्राहकांस तें साधतच नाहीं. रास्पबेरी पाय थोड्या वॅटवर चालत असल्यामुळें तो चालूच ठेवणें सोयीचें.

सेलांविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. नेहमींचे पेन्सिल सेल असलेलाच रिमोट घ्यावा. ते गांवच्या दुकानांतहि मिळतात. आमच्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेंत पडून राहिलेले सेल पाझरून आंतील पत्रे गंजतात. रिमोट फार दिवस वापरावयाचा नसेल तर ते काढून ठेवावे. कांहीं चिमुकल्या रिमोटांत नाण्यासारखा चपटा लिथियम सेल असतो. तो लहान मुलानें गिळल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिकेस गंभीर भाजल्यासारखी इजा होऊं शकते. रांगतें मूल असलेल्या घरीं असा रिमोट आणूंच नये. असलाच तर त्याचें झांकण स्क्रूचें असावें. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें.

सारांश, आधीं टीव्हीचाच रिमोट चालतो का पाहावें. न चालल्यास अवरक्त ग्राहक व थोड्या बटणांचा रिमोट घ्यावा. संगणक कपाटांत असेल तर रेडिओचा घ्यावा. आणि मोबाइल जोडीस ठेवावा. खरेदी झाल्यावर तो रिमोट घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या हातीं द्यावा, एकदां दाखवावें आणि खोलीबाहेर जावें. आंतून गाण्याचा आवाज आला तर निवड योग्य झाली असें खुशाल समजावें.