अंतर किती? किलोमीटर सांगू की तास?

मुलांनो, ‘आलापल्लीहून नागपूर किती लांब?’ असं कुणी विचारलं तर काय सांगाल? एस.टी.चा कंडक्टर सांगेल, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पण नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजा. अंतर भरेल सुमारे २१५ किलोमीटर! मग खरं कोण, कंडक्टर की फूटपट्टी?

दोघंही खरे! फूटपट्टी सरळ रेषेतलं, म्हणजे हवाई अंतर मोजते. एस.टी. मात्र आष्टी, चामोर्शी, गडचिरोली अशी गावं घेत, वैनगंगा पुलावरून ओलांडत जाते. रस्त्याला नदी, डोंगर आणि जंगल यांचं ऐकावं लागतं. म्हणून तो वळतो आणि लांबतो.

मग विमान तर झटकन पोचत असेल, नाही का? जरा गंमत पाहा. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हिशेब केला तर ५१ मिनिटं लागायला हवीत. पण वेळापत्रकात साधारण दीड तास लिहिलेला असतो. तिकडे युरोपात लंडन ते पॅरिस अंतर आहे सुमारे ३४५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मं. तरी विमानाला सव्वा तास लागतोच! अंतर निम्मं, पण वेळ काही निम्मा होत नाही.

असं का? कारण विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात होते. ते सावकाश धावपट्टीपर्यंत जातं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं, मग उडून हळूहळू उंची गाठतं. उतरतानाही वेग कमी करावा लागतो. गर्दीच्या विमानतळावर कधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. प्रवास छोटा असो की मोठा, हा वेळ द्यावाच लागतो.

आता पुन्हा आपल्या आलापल्लीला येऊ. इथून भामरागड रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटर. वाटेत पेरमिली, ताडगाव, हेमलकसा लागतात आणि मग येते पर्लकोटा नदी. तिला मोठा पूर आला, की तिच्यावरचा ठेंगणा जुना पूल पाण्याखाली जायचा. मग हेमलकशाहून जेमतेम तीन किलोमीटरवर असलेलं भामरागड एकदम दूर! नकाशावरचं अंतर तेवढंच, पण पोचायला कधी दोन दिवसही लागत. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला तेव्हा किलोमीटर सांगून काय उपयोग?

अशा वेळी हेलिकॉप्टर उपयोगी पडतं. आलापल्ली ते भामरागड हवाई अंतर साधारण ५४ किलोमीटर. ताशी २०० किलोमीटर वेगाने ते सोळा-सतरा मिनिटांत कापता येतं. त्याला लांब धावपट्टीही लागत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली जिल्ह्यातल्या दुर्गम केंद्रांवर मतदान कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरनेच नेलं होतं. पण ढग खाली उतरले, की हेलिकॉप्टरलाही थांबावं लागतं. म्हणून उंच आणि पक्का पूल हवाच!

करून पाहा : तुमच्या तालुक्याचा नकाशा घ्या. घरापासून सर्वांत जवळच्या दवाखान्यापर्यंतचं अंतर आधी फूटपट्टीने मोजा. मग रस्त्याच्या वळणावळणावर दोरा ठेवून मोजा. शेवटी आईबाबांना विचारा, ‘उन्हाळ्यात किती वेळ लागतो? आणि भर पावसात?’ चारही उत्तरं वहीत लिहा. तुमचं गाव दवाखान्यापासून खरोखर किती दूर आहे, हे त्यातून कळेल.