खचलेल्या मनांचे पुनर्वसन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली असताना, लातूर व उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती कोसळून, शासकीय गणनेनुसार, सुमारे आठ हजार माणसे दगावली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर पडलेल्या घरांचे व मेलेल्या गुरांचे पंचनामे होतात. खचलेल्या मनासाठी मात्र त्यात रकाना नसतो.

ही केवळ सहानुभूतीची उणीव नव्हे. हिशेबाचीही चूक आहे. अनुदान हाती आले, तरी पेरणी करावयाची की नाही, दुकान पुन्हा थाटावयाचे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते. ज्याची झोप उडाली आहे आणि ज्याला उद्याचा भरवसा उरलेला नाही, त्याच्या हातातील पैशाचे भांडवल होणे कठीण.

मग गावोगाव मानसोपचारतज्ज्ञ नेमावयाचे काय? तशी गरज नाही. मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त समितीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मदतीचे चार थर सांगितले आहेत. तळाशी सन्मानाने मिळणारे अन्न, पाणी व सुरक्षित निवारा. त्यावर कुटुंब आणि शेजार यांचा आधार. नंतर प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे साहाय्य. आणि सर्वांत वर, मोजक्यांसाठी, तज्ज्ञांचे उपचार. २००४ च्या त्सुनामीनंतर बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने तमिळनाडूत स्थानिक कार्यकर्त्यांनाच हे प्रशिक्षण दिले होते.

किल्लारी परिसरातील नव्या वसाहतींत घरे भक्कम मिळाली. परंतु सरळ रस्त्यांच्या ऐसपैस आखणीत जुन्या गल्ल्यांचा शेजार विखुरला. शेजार राखून वसाहत आखणे हाही मनाला आधार देण्याचाच भाग होय, आणि त्यासाठी फारसा जादा खर्च येत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने या विषयावर २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली आहे. तेव्हा उणीव कागदाची नसून सातत्याची आहे. मदतपथके काही आठवड्यांत परततात. पहिला सण येतो, वर्षश्राद्ध येते, तेव्हा विचारपूस करावयास गावात कोणी तरी असले पाहिजे. आशा कार्यकर्ती व शिक्षक यांना त्यासाठी आधीच तयार करावे, त्यांना मानधन द्यावे आणि पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात किमान तीन वर्षांची स्वतंत्र तरतूद असावी. घरांचा खर्च सत्कारणी लागावयाचा, तर एवढी रक्कम जड वाटू नये.